चष्मेवाल्यांच्या मुलाखतीतली बदकं

गावात तिला सगळे बटणताई म्हणत. फर्निचरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, गावाची स्वतःची टीव्ही वाहिनी होती, आणि कोणती गोष्ट कधी पडद्यावर जायची ते बटण दाबून पाठवण्याचं काम तिचं होतं. सकाळच्या बातम्या, दुपारचं स्वयंपाकघर, संध्याकाळच्या मुलाखती आणि मध्ये मध्ये गाद्यांच्या जाहिराती. खरं तर ती आली होती खालच्या दुकानात खुर्च्या विकायला. एक दिवस वरचा बटणवाला आजारी पडला. मालकांनी जिन्यातून खाली वाकून विचारलं, "कुणाला घड्याळाकडे बघून काम करता येतं का?" ही वर गेली ती गेलीच. बटणवाला बरा होऊन परत आला तेव्हा त्याला खाली खुर्च्या विकायला बसावं लागलं. आजही ती समोरून गेली की तो मुद्दाम खुर्च्या पुसायला घेतो.

या धंद्यात पाप एकच. पडद्यावर काहीच न दिसणं, किंवा दिसतंय पण ऐकू काहीच येत नाही असं होणं. लोक वाईट कार्यक्रम तासभर सहन करतात, पण मुका पडदा त्यांना क्षणभर चालत नाही. मागच्या थंडीत एकदा बातम्या सांगणाऱ्या बाईंचा माइक बंद पडला आणि सबंध बातमीपत्रभर त्या नुसत्या ओठ हलवत राहिल्या. बटणताई तेव्हा जिन्यात चहा घेत होती. अर्ध्या गावाने आपापल्या टीव्हीच्या पाठीत गुद्दे घातले, उरलेल्या अर्ध्याने वाहिनीला फोन केले. मालकांनी दुसऱ्याच दिवशी एक मशीन आणून कपाटात बसवलं. मुलाखतीच्या खोलीतून आवाज येणं थांबलं की हे मशीन आपणहून पडद्यावर दुसरं काहीतरी लावून द्यायचं. त्याचं नाव पडलं राखणदार.

राखणदाराच्या पोटात काय भरून ठेवायचं हा प्रश्न आला तेव्हा कॅमेरावाल्याने आपली जुनी फिल्म काढून दिली. तळ्यात पोहणारी बदकं, मागे बासरी. एकदा बदकं आली की चांगली दोन मिनिटं हलायची नाहीत. तेवढ्यात बिघाड दुरुस्त करायचा अशी सोय होती. "किती वेळ शांतता झाली की बदकं आणायची?" असं मशीन बसवणाऱ्याने विचारलं, तर जिन्यातल्या चहाने पोळलेल्या बटणताईने ठणकावून सांगितलं, "चार सेकंद. त्याच्या पुढे एक नाही." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पुढे बदकं कधीतरी महिन्या दोन महिन्यांतून दिसायची, आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. बिघडलं ते निवडणूक आली तेव्हा.

निवडणुकीला दोघे उभे होते. एक नगराध्यक्ष, म्हणजे जे आधीपासून खुर्चीत होते ते. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की विचारणाऱ्याने प्रश्न गुंडाळून घरी जावं. वाहिनीचे मालक त्यांचे सख्खे साडू. दुसरे चष्मेवाले. बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि निम्म्या गावाच्या नाकावर त्यांनी बसवलेली काच होती. माणूस सरळ, मितभाषी, हिशेबाने बोलणारा. बटणताईच्या बाबांना तर त्यांच्यापलीकडे कुणी दिसत नव्हतं. बाबा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर कुणाची हद्द कुणासाठी वीतभर सरकवली नाही, त्यामुळे नोकरीभर कुणी त्यांना बढतीही दिली नाही. असा माणूस पहिल्यांदाच कुणाच्या सभेत पुढच्या रांगेत जाऊन बसायला लागला होता.

चष्मेवाल्यांची मुलाखत लागली तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांनाही टीव्हीपुढे बोलावून बसवलं. मुलाखत घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, आणि पडद्यावर बदकं आली. दोन मिनिटांनी चष्मेवाले परत दिसले तेव्हा त्यांचं उत्तर संपून मान डोलावणं चाललं होतं. दुसरा प्रश्न, बदकं. तिसऱ्याला कसंबसं एक वाक्य ऐकू आलं. चौथ्याला पुन्हा बदकं, बासरीसकट.

बटणताई आत घामाघूम झाली होती. बदकं आली म्हणजे आवाज तुटला, आवाज तुटला म्हणजे वायर सैल, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं गणित. तिने वायरमनला हाक मारली, त्याने टेबलाखाली शिरून सगळी टोकं घट्ट केली. मालकांनी माफी मागून चष्मेवाल्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. वायर नवी टाकली, माइक नवा आणला. आणि मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "निवडून आलात तर नगराध्यक्षांच्या कारभाराची चौकशी करणार का?"

बदकं आली.

गाव पेटलं. नगराध्यक्ष तासभर बोलतात तेव्हा एक पीसही दिसत नाही, आणि चष्मेवाल्यांनी तोंड उघडायच्या आत सबंध तळं हजर! साडूने साडूचं काम केलं, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. पोरं चष्मेवाल्यांच्या सभेला पत्र्याची बदकं घेऊन यायला लागली. तक्रार निवडणूक कचेरीत गेली. मालकांबद्दल तिच्यात बरंच काही होतं, आणि शेवटी एक ओळ होती: प्रसारणाच्या खोलीत बटण दाबणाऱ्या व्यक्तीला कामावरून काढावं. खाली सह्या होत्या. त्यात एक सही बाबांची होती.

बटणताईला ती कळली ती बाबांकडूनच. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. "मी सही केली आहे," ते म्हणाले, आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचे थांबले.

"बाबा, मी काही केलं नाही हो."

"मग कुणी केलं?"

हाच तर घोळ होता. खरं सांगायचं तर तिच्या मनातही मालकांचंच नाव होतं, कारण त्यांच्या केबिनमध्ये अडीअडचणीसाठी बदकांचं एक वेगळं बटण होतं. पण डोळ्यांनी न पाहिलेलं बोलायचं कसं? ती बाबांचीच मुलगी होती. उलट मालकांनी तिलाच केबिनमध्ये बोलावून दार लावून विचारलं, "तुझे वडील त्यांच्या सभेत पुढे बसतात. माझ्या वाहिनीचं नाव खराब करायला तूच तर हे करत नाहीस ना?" म्हणजे गावाला वाटत होतं ती नगराध्यक्षांची, मालकांना वाटत होतं ती चष्मेवाल्यांची. ती बिचारी कुणाचीच राहिली नव्हती.

घरी तर फारच विचित्र झालं. तिघांचं घर. बाबा बोलायचे ते आईशी.

"तिला सांग, खिडकी लाव."

"अगं, बाबा म्हणतात खिडकी लाव."

"त्यांना सांग, लावलीये."

"ती म्हणते लावलीये."

खिडकी तिघांपासून सारख्याच अंतरावर होती. आई बिचारी दिवसभर टपाल वाहून थकायची आणि रात्री कुशीवर वळून म्हणायची, "एवढे निरोप मी माझ्या लग्नातसुद्धा दिले नव्हते." बटणताई हसायची आणि मग उशीत तोंड खुपसून रडायची. नोकरी गेली असती तर तिने खाली जाऊन पुन्हा खुर्च्या विकल्या असत्या. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खोटी सही केली नाही, त्याने आपल्याला खोटं ठरवून सही करावी, हे तिला गिळता येत नव्हतं.

निवडणूक कचेरीने तक्रारीची चौकशी लावली, तिच्या आदल्या दुपारी बटणताईला राहवलं नाही. ती बाजारपेठेत गेली आणि थेट चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरली. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची ते ठरलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी तिला ओळखलं, आणि काही न बोलता समोरच्या उंच खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाचे डोळे तपासायचे, ही त्यांची जुनी सवय. तिच्या नाकावर ती जड चौकट चढवली, काच घातली.

"भिंतीवरची अक्षरं आता बरी दिसतात, की आधी बरी दिसत होती?"

"आधी."

काच बदलली. "आता?"

"आता बरी." मग तिने एका दमात विचारून टाकलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? मीच केलं का ते?"

चष्मेवाल्यांनी हातातली काच खाली ठेवली. स्वतःचा चष्मा काढला. खिशातून फडकं काढलं. एक भिंग पुसलं, उजेडाकडे धरलं, दुसरं पुसलं. चष्मा पुन्हा चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं लोकांना 'आता, की आधी' विचारून उत्तराची वाट बघत बसलेला माणूस. घाई त्यांच्या गावीच नव्हती.

पण शांतता हा बटणताईच्या धंद्यातला शत्रू होता. तिच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले, जसे कामावर व्हायचे. एक, दोन, तीन. तिचा उजवा हात खुर्चीच्या हातावर बटण शोधायला लागला. चार.

आणि तिच्या डोळ्यांपुढे बदकं आली.

"अगं बाई!" ती एवढ्या जोरात ओरडली की नाकावरची चौकट घसरून तिच्या हातात आली. "काका, बोलू नका! काही बोलू नका! म्हणजे आता बोला हो, बोला!"

"मी म्हणणार होतो," चष्मेवाले शांतपणे म्हणाले, "की नाही वाटत."

ती दुकानातून धावतच निघाली. चौकट तिच्याच हातात राहिली होती, ती परत द्यायला मागे आली, आणि पुन्हा धावली. दोन आठवडे सगळे मिळून वायरींमध्ये चोर शोधत होते आणि चोर होता कपाटात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. चष्मेवाले प्रत्येक उत्तराआधी चष्मा पुसतात. चष्मा पुसायला चार सेकंदांहून जास्त वेळ लागतो. राखणदाराला वाटतं, आवाज मेला. सोपं होतं, आणि इतकं सोपं होतं की कुणाला सुचलंच नाही. रस्त्याने धावता धावता तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. समोरून येणाऱ्या एका बाईने तिला थांबवून विचारलंसुद्धा, "सगळं ठीक आहे ना?"

मालकांनी ऐकलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तू नव्हतीस?"

"आणि तुम्हीही नव्हता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मालक आधी हसले. मग त्यांचा चेहरा पडला. "पण यावर विश्वास कोण ठेवणार? मशीनने केलं म्हणे! उद्या लोक मलाच तळ्यात बुडवतील."

"डोळ्यांनी दाखवू," बटणताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. निवडणूक कचेरीतून आलेल्या बाई, नगराध्यक्ष, चष्मेवाले, दोन्हीकडची माणसं, आणि मागच्या भिंतीला टेकून बाबा. बाहेर काय जातंय ते दिसावं म्हणून मोठा टीव्ही समोर ठेवला होता. कचेरीच्या बाईंनी बटणताईला बटणांपासून दूर, सगळ्यांच्या समोर उभं केलं. मालकांनाही केबिनमधून बाहेर आणून बसवलं. बटणताईने दोन्ही हात समोर घट्ट बांधले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे. तिने आधीच सांगून टाकलं, "चार सेकंदांचा आकडा माझा होता. मीच ठरवला होता. बाकी काही माझं नाही."

चष्मेवाल्यांना प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा काढला, फडकं काढलं, आणि टीव्हीवर बदकं आली. कुणाचा हात कशालाही लागला नव्हता. बाकीचे टीव्हीकडे बघत होते. बाबा एकटे बटणताईच्या हातांकडे बघत होते.

पण चष्मेवाल्यांची माणसं एवढ्याने ऐकणारी नव्हती. "मशीनला यांचाच चेहरा शिकवला असेल! नगराध्यक्षांना बसवा! त्यांच्यावर येतात का बदकं ते बघू!"

"बसतो की," नगराध्यक्ष म्हणाले आणि बसले. "मला काय भीती? माझं जीवन म्हणजे उघडं..."

"आपण फक्त गप्प राहायचं आहे," कचेरीच्या बाई म्हणाल्या. "थोडा वेळ."

"बस, एवढंच? हे काय अवघड आहे! सुरू करा. झालं का सुरू?"

"साहेब, आपण बोललात."

"हो का? बरं बरं. आता नाही बोलत." ते गप्प झाले. एक, दोन, तीन, बटणताई मनात मोजत होती. "शांततेचं महत्त्व मी नेहमीच माझ्या भाषणांत सांगत आलो आहे," नगराध्यक्ष म्हणाले.

खोलीत खसखस पिकली. पुन्हा सुरू केलं. या वेळी त्यांनी दातांखाली ओठ धरले, डोळे मिटले, आणि नेमकं तिसऱ्या सेकंदाला घसा खाकरून विचारलं, "अजून किती?" त्यांची स्वतःची माणसंही आता तोंडावर हात धरून हसत होती. मालकांनी कपाळाला हात लावला. एवढ्या जवळ येऊन खरं सिद्ध होत नव्हतं, ते केवळ साडूबुवांना गप्प बसता येत नव्हतं म्हणून.

तेव्हा मागच्या भिंतीकडून बाबांचा आवाज आला. "मी एक प्रश्न विचारू?"

कचेरीच्या बाईंनी मान हलवली.

"टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीची जागा मी स्वतः मोजून दिली होती," बाबा म्हणाले. "मागच्या निवडणुकीला तुम्ही म्हणालात, वर्षभरात घरोघरी पाणी. टाकी झाली, रंगही झाला. टाकीपासून गावापर्यंतचा नळ कुठे आहे?"

नगराध्यक्षांनी तोंड उघडलं. मिटलं. मालकांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं. एक, दोन, तीन, चार.

टीव्हीवर तळं आलं. बदकं संथपणे या काठाकडून त्या काठाकडे निघाली, आणि बासरी सुरू झाली.

मग जो हशा उठला तो खालच्या दुकानात खुर्च्या विकणाऱ्यापर्यंत पोचला असणार, कारण तोही जिन्यावरून डोकावायला आला. कचेरीच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मशीन कुणाच्याच बाजूचं नाही, एवढं मला पटलं." तक्रार तिथल्या तिथे मागे घेतली गेली. मुलाखतींच्या वेळी राखणदार बंद ठेवायचा आणि चष्मेवाल्यांना त्याच संध्याकाळी पुन्हा पडद्यावर आणायचं ठरलं. मालकांचा जीव भांड्यात पडला. बटणताईने बांधलेले हात सोडले तेव्हा तिला कळलं की बोटं पार बधिर झाली होती.

त्या संध्याकाळी चष्मेवाले बोलले. प्रत्येक उत्तराआधी चष्मा पुसला, आणि सबंध गाव तो पुसून होईपर्यंत थांबलं. पुढे निवडणुकीत काय व्हायचं ते झालं, ती वेगळी गोष्ट. बटणताईने बटणावर बोट ठेवलं होतं, पण आकडे मोजले नाहीत. काम संपल्यावर ती खाली आली तर दुकानापुढे बाबा उभे. दोघं एकाच बाजूने, एकाच चालीने घरी आली, एवढंच.

घरी आईने ताटं वाढली होती. नेहमीप्रमाणे आई दोघांच्या मध्ये बसली, एक कान इकडे, एक कान तिकडे. निम्मं जेवण झालं तरी कुणी बोलेना. बाबांनी घास खाली ठेवला आणि तिच्या हातांकडे पाहत राहिले. बराच वेळ पाहत राहिले. बटणताईला वाटलं, काहीतरी विचारावं, पाणी द्यावं, ही शांतता कशानेतरी भरून टाकावी. तिने स्वतःला आवरलं. चष्मा पुसून होईपर्यंत थांबायचं असतं, हे आता तिला माहीत होतं.

"चुकलं माझं, पोरी," बाबा म्हणाले. "न मोजता सही केली."

सवयीने आई तिच्याकडे वळली. "अगं, बाबा म्हणतात की..."

"तू थांब जरा," बाबा म्हणाले. "मी तिच्याशी बोलतोय."

आईने आधी बाबांकडे पाहिलं, मग लेकीकडे. मग पदर तोंडाला लावून तिने एक मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "घसा बसायला आला होता माझा." आणि तिने मधली जागा सोडली, आपलं ताट उचललं आणि पलीकडे सरकून निवांत जेवायला लागली.